कीबोर्डला वाचा फुटली

भलत्या वेळी बोलणाऱ्या माणसाला आपण तोंडाळ म्हणतो. भलत्या वेळी बोलणाऱ्या कीबोर्डला काय म्हणावं, याची भाषेने काही सोय करून ठेवलेली नाही. आमचा कीबोर्ड एका दुपारी, कुणी काही विचारलेलं नसताना, बोलायला लागला. मी 'आपली तक्रार आम्हाला समजली आहे' असं लिहून पूर्णविराम द्यायला बोट उचललं, तोच पडद्यावर उमटलं: टटटटटटच. मी बोटाकडे बघितलं. बोट हवेत होतं आणि माझ्याइतकंच बुचकळ्यात पडलेलं होतं. मी सगळं खोडलं, तर लगेच 'टटच' आलं. म्हणजे एकदा ओरडून सांगून झालं होतं, आता समजुतीने सांगणं चाललं होतं.

मी कुणाची तक्रार समजून घेत होतो? कुणाचीच नाही. सराव चालला होता. घरगुती यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीला ग्राहकांना लेखी उत्तरं देणारी माणसं हवी होती. काम घरी बसून करायचं. ग्राहक लिहिणार, आपण लगेच उलट लिहायचं, आणि चिडायचं नाही. न चिडण्याचा माझा अनुभव दांडगा आहे. मी आमच्या घरात वाढलो आहे. परीक्षा पुढच्या आठवड्यात, भर दुपारी, घरूनच होती. आधी लेखी, मग लगेच कॅमेऱ्यासमोर मुलाखत. हे जमलं नाही तर मामा होता.

मामाचं नळांचं आणि पाइपांचं दुकान आहे. मामा स्वभावाने चांगला आहे, पण त्याच्या दुकानात दिवसभर माणसं येतात आणि 'एवढा द्या' म्हणून हवेत बोटांनी पाइपची जाडी दाखवतात. मामा ती बोटं बघून नेमका पाइप काढून देतो. मला त्या बोटांची भीती वाटते. मामाने गल्ल्याशेजारी माझ्यासाठी एक स्टूल आणून ठेवलं होतं आणि तो रोज संध्याकाळी आईला फोन करून त्या स्टूलची खुशाली कळवत असे. आज पुसलं. आज त्यावर गिऱ्हाईक बसायला लागलं, पण उठवलं. बाबांनीही मला स्वच्छ सांगितलं होतं की परीक्षा पास झालास तर उत्तम, नाहीतर पहिल्या तारखेपासून स्टूल.

बाबा आयुष्यभर एका कार्यालयात इतरांच्या बदल्यांचे हुकूम काढत होते. निवृत्त झाल्यावर माणसं हातातून गेली, तेव्हा त्यांनी वस्तूंकडे मोर्चा वळवला. आमच्या घरात काही टाकलं जात नाही, फक्त बदली होते. दात घासायचा ब्रश कंगवा धुवायला जातो, तिथून शेगडीवर, तिथून सायकलच्या साखळीवर. सेलांचंही तेच. विजेरीतले सेल दमले की रिमोटमध्ये, रिमोटमध्ये दमले की भिंतीवरच्या घड्याळात. त्यामुळे आमचं घड्याळ वर्षभर वीसेक मिनिटं मागे असायचं, आणि घरातला प्रत्येक जण मनातल्या मनात तेवढी मिळवून घ्यायचा. त्याच आठवड्यात काय झालं कोण जाणे, बाबांनी घड्याळात कोरे करकरीत सेल घातले. घड्याळ बरोबर चालायला लागलं, पण आमची मिळवायची सवय सुटेना, आणि सगळं घर सगळीकडे लवकर पोचायला लागलं. धाकटी बहीण तर कॉलेजचं फाटक उघडायच्या आधी जाऊन उभी राहायची आणि पहारेकऱ्याची झोपमोड करायची.

माझी खोली म्हणजे बाबांनी स्वतः ठोकलेल्या प्लायवूडच्या पार्टिशनची अलीकडची बाजू. पलीकडच्या बाजूला आईचं शिवणयंत्र. पार्टिशन जमिनीपर्यंत पोचलेलं नाही. फळी कमी पडली. त्या फटीतून उजेड येतो, सुटलेली बटणं येतात आणि घरच्यांची मतं येतात. आई अर्ध्या इमारतीचे कपडे शिवते. मशीनचा आवाज मी पाळण्यात असल्यापासून ऐकतो आहे, म्हणजे खरं तर ऐकत नाही. पंख्याचा आवाज कोण ऐकतं? थांबला की मात्र सगळे वर बघतात.

खालच्या मजल्यावरच्या काकांना मात्र तो आवाज ऐकू यायचा. त्यांना सगळंच ऐकू येतं. आम्ही त्यांना शांतताकाका म्हणतो. मागे ते वर येऊन सांगून गेले होते की तुमचं यंत्र चाललं की आमचा छताचा दिवा थरथरतो. तेव्हा बाबांनी मशीनखाली काहीतरी मऊसं सरकवलं आणि दिव्याची थरथर थांबली. काय सरकवलं ते कुणी विचारलं नाही. बदलीवर आलेल्याला आधीच्या ठिकाणाबद्दल विचारू नये, एवढी रीत आम्ही पाळतो.

तर कीबोर्ड. तो तसा नवा होता. आधी माझ्याकडे बिनवायरचा कीबोर्ड आणि बिनवायरचा माउस अशी जोडी होती. दोघांचं ऐकायला मिळून नखाएवढा एकच तुकडा कॉम्प्युटरच्या पाठीत खोचलेला. पुढे त्या कीबोर्डवर चहा सांडला, त्याचा 'म' गेला, आणि 'म' नसला की मराठीत माणसाला 'मी'सुद्धा म्हणता येत नाही. म्हणून मी वायरचा नवा कीबोर्ड आणला. माउसचा काही गुन्हा नव्हता, तो कामावर राहिला. जुना कीबोर्ड बाबांनी उलटासुलटा न्याहाळला आणि उपयोगी पडेल म्हणत नेला.

नवा बोलायला लागल्यावर मी आधी शहाण्या माणसासारखा तो उलटा करून आपटला. आतून बिस्किटाचा चुरा, भुवईचे केस आणि धाकटीचं कानातलं पडलं. त्या कानातल्यावरून मागे माझ्यावर चोरीचा आळ आला होता. त्यातून मी सुटलो नाही, उलट पुरावा सापडला. मग मी एकेक बटण उपटून कापसाने पुसलं आणि परत बसवलं. दोन बटणं उलटी बसली. दुपार झाली, मी खुर्चीत बसलो, 'आपली गैरसोय' एवढं लिहिलं, आणि कीबोर्डने पुढे स्वतःच्या अक्षरात भर घातली: टटटटटटटटटच.

एकाच्या घरात कीबोर्ड बिघडला की इमारतीत तेवढे तज्ज्ञ जन्माला येतात. समोरच्या काकूंचं म्हणणं पडलं की हा डोळ्यांचा ताण आहे, अक्षरं येत नाहीत, मला दिसतात. वरच्या मजल्यावरचा व्यायामशाळेतला दादा म्हणाला, कीबोर्डला एक दिवसाआड विश्रांती हवी, नाहीतर त्याचे स्नायू धरतात. शांतताकाकांनी फक्त एवढंच सुचवलं की बंद करून टाका. तो सल्ला ते सगळ्याच यंत्रांबद्दल आणि बऱ्याचशा माणसांबद्दल देतात. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं. इमारतीत कॉम्प्युटरचं काही अडलं की लोक माझ्याकडे येत होते, आणि आता तेच लोक जिन्यात माझ्या पाठीवर हात ठेवून 'होईल सगळं नीट' म्हणत होते. पाठीवरच्या हाताइतकं वजन दुसऱ्या कशाला नसतं.

शेवटी दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं. तो दुपारी आला. आई लगेच मशीनवरून उठली, त्याला पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली, चहा ठेवला. पाहुणा घरात असताना यजमानाने आपलं काम करत बसायचं नाही, मग तो पाहुणा कामालाच का आलेला असेना, असा आईचा नियम आहे. दुरुस्तीवाल्याने पानभर लिहून बघितलं. एक अक्षर जास्तीचं आलं नाही. त्याने मला लिहायला लावलं. आलं नाही. मग तो चहा पिता पिता मला हळूच विचारू लागला की घरात वातावरण कसं आहे, झोप लागते का. जाताना बाबांना बाजूला घेऊन काहीतरी बोलला. त्या दिवसापासून बाबा माझ्याशी जरा हळू आवाजात बोलायला लागले. तो जिना उतरला, आई मशीनवर बसली, मी कॉम्प्युटरसमोर, आणि लगेच: टटटटट, टटटटट, टटच.

कीबोर्ड हमीच्या मुदतीत होता, म्हणून मी तो काखोटीला मारून सेवा केंद्रावर गेलो. काचेपलीकडच्या बाईंनी तो जोडून तपासला आणि 'दोष आढळला नाही' असा शिक्का मारलेला कागद दिला. मी म्हणालो, दोष घरी आहे. त्या म्हणाल्या, मग दोष घेऊन या. पुराव्यादाखल चित्रफीत चालेल असं त्यांनी औदार्याने सांगितलं. मी घरी जाऊन चित्रफीत काढली. त्यांनी ती बघितली आणि आक्षेप घेतला की यात आपले हात दिसत नाहीत, म्हणजे आपण टेबलाखालून काही दाबत नाही कशावरून? हे बरोबर होतं. सरकारी नजरेने बघितलं तर जगातला प्रत्येक माणूस टेबलाखालून काहीतरी दाबतच असतो.

मग धाकटीने दुसरी चित्रफीत काढली. तीत मी कीबोर्डपासून दूर, दोन्ही हात डोक्याच्या वर करून उभा आहे, आणि पडद्यावर अक्षरं धावताहेत. ती बाईंनी नाकारली, कारण कीबोर्डचा क्रमांक दिसत नव्हता. पण तोवर धाकटीने ती सगळ्या नातेवाइकांना पाठवली होती. संध्याकाळी मामाचा फोन आला. त्याने नेहमीप्रमाणे स्टूलबद्दल सांगितलं नाही. घाबऱ्या आवाजात विचारलं, "ताई, घरी पोलीस आले होते का?"

या सगळ्यात ज्यांच्यासमोर कीबोर्ड मोकळेपणाने बोलला, असे एकच गृहस्थ म्हणजे तारवाले आजोबा. ते आमच्याच मजल्यावर राहतात आणि एके काळी तारखात्यात होते. टिकटिक ऐकून तारेचा मजकूर लिहून घ्यायचे. ते रोज दुपारी आमचं वर्तमानपत्र वाचायला येतात, इतकं रोज की त्यांच्यासाठी कुणी उठत नाही. आईही मशीनवरून उठत नाही. एकदा ते वर्तमानपत्र घेऊन माझ्या मागे येऊन उभे राहिले, आणि पडद्यावर टटटटटटच, टटच, टटटटटट असं चालू झालं. आजोबांचे डोळे बारीक झाले. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, जे मी त्यांना आजवर करताना पाहिलं नव्हतं.

"हा संदेश आहे," ते म्हणाले.

मी विचारलं, कुणाचा?

"ते कळेल. हात कच्चा आहे माणसाचा. लांब-लांब काढतो, मग थांबतो, मग बारीक-बारीक. पण बाईमाणूस असावं. घाई आहे, तरी टाका सोडत नाही."

टाका हा शब्द त्यांनी कुठून काढला ते त्यांनाही माहीत नव्हतं, आणि मी तर तेव्हा ते काय म्हणाले तेही नीट ऐकलं नव्हतं. ते परीक्षेपर्यंत रोज येऊन बसले. पहिल्या दिवशी त्यांच्या मते संदेश 'पाणी तुंबले आहे' असा होता. दुसऱ्या दिवशी 'बोट दक्षिणेला वळवा'. मी रडकुंडीला आलो होतो आणि ते एका बुडत्या जहाजाला धीर देत होते. माझ्या परीक्षेच्या सरावात 'आपली गैरसोय' हे शब्द किती वेळा लिहिले याची गणती नाही, पण त्या जहाजाला माझ्याहून जास्त गैरसोय होती हे मान्य करावं लागेल.

इकडे आईने वेगळीच काळजी घेतली होती. मुलाखत कॅमेऱ्यावर आहे म्हटल्यावर तिने माझे सगळे शर्ट बाहेर काढले, एकेक उजेडात धरला आणि एकही पसंत केला नाही. आईचं म्हणणं, कपड्यावरून माणूस घरी काय खातो ते कळतं. तेव्हा तिने माझ्यासाठी नवा शर्ट शिवायला घेतला. फिकट निळा, ताठ कॉलरचा. दुपार झाली की ती त्याच्यावर बसायची. मी परीक्षेसाठी जितका घाईला आलो, तितकी तीही आली, आणि ती जितकी घाईला आली तितका माझा कीबोर्ड जास्त बोलायला लागला. हे आता सांगताना सरळ दिसतं. तेव्हा मी पार्टिशनच्या अलीकडे बसून डोकं धरत होतो आणि आई पलीकडे बसून माझ्याच बाह्या जोडत होती.

परीक्षेचा दिवस आला. शर्टाची उजवी बाही लागली होती, डावी बाकी होती. आई म्हणाली, लेखी संपेपर्यंत लावून देते. घरात कडक शिस्त. धाकटीला फोनवर बोलायची बंदी, तारवाल्या आजोबांना वर्तमानपत्र त्यांच्या घरी पोचतं केलेलं, बाबा दाराशी उभे. मी कॅमेरा झाकून ठेवला आणि बनियनवरच परीक्षेला बसलो.

पहिला ग्राहक आला. ग्राहक खोटा असतो. पलीकडे परीक्षक बसून ग्राहकाचं सोंग घेतो. त्याने लिहिलं की त्याचं कपडे धुवायचं यंत्र चालू केलं की जागचं हलतं आणि मोरीतून चालत चालत स्वयंपाकघरात येतं. मी मनात म्हटलं, हे तर आपल्या सरावातलं आहे. मी लिहिलं, 'आपली गैरसोय समजली. कृपया टटटटटटटटच'.

ग्राहकाने लिहिलं, 'कृपया काय?'

मी क्षमा मागितली. क्षमा मागून होते न होते तोच खाली उमटलं: टटटट. ग्राहकाने विचारलं, आपण माझी चेष्टा करताय का? मी लिहिलं, मुळीच नाही टच. ग्राहक भडकला. मी पुन्हा क्षमा मागितली. कपाळावरून घाम निघून कीबोर्डवर पडला आणि मला वाटलं, आता याचाही 'म' जातो. मला डोळ्यांसमोर स्टूल दिसायला लागलं. मामाने ते पुसलेलं होतं. समोर कुणीतरी हवेत बोटं धरून उभं होतं.

"हात पुढे कर बघू," आई म्हणाली.

ती बाही घेऊन माझ्या शेजारी उभी होती. मी डावा हात तिच्या ताब्यात दिला आणि उजव्या हाताने लिहीत राहिलो. ती दंडावर बाही धरून मापत होती. मी लिहिलं, 'यंत्र थरथरत असल्यास त्याच्या पायाखाली काहीतरी मऊ, रबरी वस्तू सरकवावी.' सगळं वाक्य आलं. पूर्णविरामासकट. पुढे काही नाही.

मी वाट बघितली. काही नाही.

आणि मग मला ऐकू आलं की काहीच ऐकू येत नाहीये. मशीन थांबलेलं होतं. मी वर बघितलं, जसं पंखा थांबल्यावर बघतो तसं. आई म्हणाली, "काय रे, टोचली का टाचणी?"

मी तिला म्हणालो की जा आणि थोडं शिव. ती म्हणाली, लावतेच आहे, ओरडतोस काय. ती गेली. टटटटट. मी म्हणालो, थांब. थांबलं. मी म्हणालो, शिव. टटच. ग्राहकाला मी लिहिलं, 'एक क्षण थांबावे, आपल्या तक्रारीचे मूळ सापडले आहे,' आणि बनियनवरच पलीकडे धावलो.

मशीन उचललं. खाली माझा जुना कीबोर्ड होता. मशीनचा एक पाय 'ट'वर, एक 'च'वर, आणि बाकीचे दोन बिचाऱ्या मेलेल्या बटणांवर. बाबा दारातून आले आणि सांगायला लागले की त्या बटणांखाली रबर असतं, असा झुलता आधार बाजारात विकत मिळणार नाही, शांतताकाकांचा दिवा उगाच नाही थांबला. मी म्हणालो, ते ठीक, पण हा चालतो कसा? तो तर मी सेल काढूनच दिला होता. याच्यात सेल कुठून आले?

बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाले, "घड्याळातले होते. सुटे ठेवले की घरंगळतात. इथे घर होतं रिकामं, दिलं त्यांना."

सगळा उलगडा झाला. घड्याळ वेळेवर आलं त्या दिवसापासून कीबोर्डला वाचा फुटली होती. कॉम्प्युटरच्या पाठीतला तो नखाएवढा तुकडा माउससाठी जागा होता, आणि त्याला आपला जुना जोडीदार परत मिळाला होता. दक्षिणेला जाणारं ते जहाज म्हणजे माझा शर्ट होता. मी जुन्या कीबोर्डचे सेल उपटले, बाबांच्या हातात दिले, आणि परत येऊन बसलो. ग्राहक जागेवर होता. त्याला मी यंत्र कसं सपाट करायचं, पायाखाली काय घालायचं आणि मुख्य म्हणजे काय घालू नये, हे इतक्या जिव्हाळ्याने समजावलं की त्याने लिहिलं, 'आपल्याला या विषयाचा अनुभव दिसतो.' पुढचेही ग्राहक सरळ गेले. माझी बोटं पळत होती. एकही आगंतुक अक्षर नव्हतं. राहिलं होतं फक्त 'सादर करा' या चौकटीवर टिचकी मारणं. वरच्या कोपऱ्यात उरलेला वेळ आटत चालला होता.

मी माउस हलवला. बाण हलला नाही. मी माउस टेबलावर आपटला, पोटाशी घासला, त्याच्यावर फुंकर मारली. त्याच्यातले सेल रिमोटमधून बदलीवर आलेले होते आणि त्यांनी तिथेच मान टाकली होती. कीबोर्डवर जमेल ते दाबून बघितलं. चौकट नुसती बघत राहिली. मी ओरडलो की सेल आणा, कुठलेही आणा. धाकटी घड्याळाखाली खुर्ची ओढायला धावली.

बाबा धावले नाहीत. त्यांनी मुठीतले सेल तळहातांत चोळले, एकदा कानाशी नेऊन ऐकल्यासारखं केलं, माझ्या हातातून माउस घेतला, झाकण काढलं आणि सेल घातले. माउसच्या पोटात लाल उजेड लागला. बाण हलला. मी टिचकी मारली, आणि 'आपली उत्तरं मिळाली' असं आलं, तेव्हा कोपऱ्यातला वेळ संपलेलाच होता.

"अजून जीव आहे त्यांच्यात," बाबा म्हणाले, आणि दाराशी आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले.

मुलाखत लगेच होती. आईने माझ्या अंगात शर्ट चढवला. डावी बाही तिच्या हातातच राहिली. मी डावा खांदा कॅमेऱ्याच्या बाहेर ठेवून तिरका बसलो, जसं फार विचारी माणसं बसतात. समोर परीक्षक बाई आल्या. चष्मा, बारीक आवाज. त्यांनी नाव विचारलं नाही, काही नाही. म्हणाल्या, "खोलीत कुणी मदतीला नाही ना? नियमाप्रमाणे दोन्ही हात वर करून दाखवा."

मी उजवा हात वर केला. त्या वाट बघत राहिल्या. मी डावाही केला. एका बाजूला फिकट निळी, ताठ इस्त्रीची बाही, दुसऱ्या बाजूला काखेपर्यंत उघडा मी. या आठवड्यात मी दुसऱ्यांदा असा हात वर करून होतो, आणि या वेळी चित्रीकरण कंपनी स्वतः करत होती.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांनी विचारलं की लेखीत मधे ती अक्षरं कसली होती. मी खरं सांगितलं: आई बाही लावत होती. त्यांनी माझ्या दंडाकडे बघितलं. उत्तर बसत होतं. त्या बराच वेळ काहीतरी लिहीत होत्या, आणि मला पार्टिशनखालच्या फटीतून तीन जणांचे पाय दिसत होते.

निकाल दोन दिवसांनी फोनवर आला. उत्तरं सावकाश होती, असं त्या म्हणाल्या, पण ग्राहक इतका बोलला तरी मी त्याच्यावर उलटलो नाही, आणि स्वतःच्या यंत्राचा दोष ग्राहकावर ढकलला नाही, असं सहसा होत नाही. नोकरी मिळाली. पहिले काही महिने तात्पुरती, पण मिळाली. संध्याकाळी मामाचा फोन आला. तो बराच वेळ अभिनंदन करत होता, मग हळूच विचारलं की स्टूलचं काय करू. आईने सांगितलं, पाठवून दे, मशीनपुढे बसायला होईल. शेवटी बाबांनी फोन घेतला. माझ्या हुशारीबद्दल दोन शब्द बोलून झाल्यावर म्हणाले, "पण सेल माझे होते."

जुना कीबोर्ड निघाल्यावर काही दिवसांनी शांतताकाका वर आले. दिवा पुन्हा थरथरत होता. बाबांनी त्यांना निश्चिंत राहायला सांगितलं. कंपनीने मला कामासाठी त्यांचा कॉम्प्युटर आणि त्यांचा कीबोर्ड पाठवला होता, म्हणजे माझा वायरचा कीबोर्ड रिकामा झाला होता. बाबांनी तो माझ्यासमोरच हातात घेऊन बटणं दाबून बघितली आणि मला म्हणाले, "याच्यात सेल नसतात ना? मग झालं तर." त्याच दुपारी त्याची मशीनखाली बदली झाली.

वायर तेवढी लोंबकळत होती. आईच्या पायात येईल म्हणून बाबांनी ती पार्टिशनखालच्या फटीतून माझ्या बाजूला सरकवली आणि तिचं टोक कुठेतरी नीट खोचून ठेवलं. कुठे, ते त्यांना आता आठवत नाही. कंपनीच्या कॉम्प्युटरच्या पाठीला भोकं पुष्कळ आहेत, आणि तो भिंतीला चिकटून आहे.

आज माझ्या कामाचा पहिला दिवस. पहिला ग्राहक आला आहे. त्याच्या पंख्यातून आवाज येतो म्हणे. मी लिहिलं आहे, 'आपली तक्रार आम्हाला समजली आहे.' पार्टिशनपलीकडे आई स्टूलवर बसली आहे. मशीन अजून सुरू झालेलं नाही. मी दोनदा हाक मारली, ती ओ देत नाही. म्हणजे सुईत ओवायचा दोरा तिच्या ओठांत आहे.